पोटगीचा आदेश झाला, पैसे कुठंयत?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

पेपरात पोटगीची बातमी येते ती बहुतेक करून लाखाकोटीतली असते. मी लिहितेय ते महिना 7,000 रुपयांबद्दल.

माझ्या मावसबहिणीने 2021 ला अर्ज टाकला. नोटीस बजावली की शक्यतो 60 दिवसांत अंतरिम (म्हणजे केस चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या) पोटगीचा निकाल लागावा असं कायद्यातच आहे, पण हिला नुसत्या तारखा, कधी साहेब रजेवर, कधी समोरचा वकील नाही, कधी नवराच गैरहजर, आणि ही दर वेळी शिलाई मशीन बंद ठेवून कागदांची पिशवी घेऊन एसटीने जाणार. शेवटी 2023 मध्ये तिला 4,000 आणि मुलीला 3,000 मंजूर झाले.

नवऱ्याचं म्हणणं काय तर मला कामधंदा नाही. धडधाकट माणूस, जेसीबी चालवतो, पगार रोखीत घेतो म्हणून कागदावर काहीच दिसत नाही. सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये अंजू गर्ग केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की धडधाकट नवऱ्याने अंगमेहनत करून का होईना बायकापोरांना पोसलंच पाहिजे. त्याआधी 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात (ती केस आपल्या नागपूरचीच) पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची आणि दोघांनीही उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असं ठरलं. दोघांनीही, हे मला पटतं, बायको कमावत असेल तर तिनेही लपवू नये.

पण आदेशानंतर काय? परवा पासबुक भरून आणलं, आजवर फक्त दोनदा 5,000 जमा, बास. वसुलीचा अर्ज लावला, वॉरंट निघालं आणि परत आलं, शेरा काय तर "सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही". त्याच आठवड्यात तो गावच्या जत्रेत पालखीपुढे नाचत होता, अख्ख्या गावाने बघितला!

आणखी एक गोष्ट हिला कुणीच सांगितली नव्हती, थकलेल्या पोटगीसाठी वॉरंट पाहिजे तर ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. बायका बिचाऱ्या देईल देईल म्हणून वाट बघतात आणि मुदत निघून जाते. ताईंनो, कृपा करून थांबू नका. आणि पोटगी दिली नाही म्हणून नवरा महिनाभर जेलमध्ये बसून आला तरी थकबाकी माफ होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1988 लाच सांगितलंय. 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्यातलं पोटगीचं कलम 125 नव्या कायद्यात 144 झालं, नंबर बदलला, बाकी बहुतेक सगळं तेच.

माझी मागणी एवढीच आहे की पोटगीचं वॉरंट बजावलं गेलं नाही तर का नाही, कुणी जाऊन बघितलं, कधी बघितलं, याचा लेखी खुलासा पुढच्या तारखेच्या आत कोर्टाने मागवावा, आणि आदेशाच्या कागदासोबतच वसुली कशी करायची याची एक पानी माहिती सोप्या मराठीत बाईच्या हातात द्यावी.

हिची पुढची तारीख 18 ला आहे. पोरगी तिसरीत आहे, रिक्षावाल्या काकांचे दोन महिन्यांचे पैसे द्यायचे राहिलेत.

आपली,
एक वाचक, सांगली जिल्हा