चाळीस फ्लँज आणि तुझा प्रश्न

ठाणे (पश्चिम)

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पीएलएम (प्रॉडक्ट लाइफसायकल मॅनेजमेंट, म्हणजे वस्तूची जन्मापासून शेवटपर्यंतची नोंद ठेवणाऱ्या) सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत पैसे गुंतवावेत का, असे तू विचारले आहेस. शेअरबाजारात माझा अधिकार नाही; पण हे सॉफ्टवेअर ज्या दुखण्यावरचे औषध आहे, ते मी रबाळ्याच्या कारखान्यात रोज पाहतो. मागच्या पावसाळ्यात आम्ही एका फ्लँजचे (पाइप जोडायच्या भोकांच्या चकतीचे) भोक २२ मिलिमीटरवरून १८ वर आणले, नवे ड्रॉइंग सर्वांना मेलने धाडले, आणि तरीही वागळे इस्टेटमधल्या जॉबवर्कवाल्याने यंत्राशेजारी चिकटवलेल्या जुन्या प्रतीवरूनच ४० नग करून पाठवले. लहान भोक मोठे करता आले असते. मोठे लहान कसे करणार? सगळा माल भंगारात गेला.

हे केवळ लहानांचेच होते असे नाही. एअरबसच्या ए३८० विमानाच्या वेळी हॅम्बुर्ग आणि तुलूझ येथील अभियंते कॅटिया या आराखडे काढायच्या एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. वायरिंग जागेवर बसेना, आणि २००६ मध्ये विमाने लांबणीवर पडल्याचे जाहीर करावे लागले. पहिल्या आराखड्यापासून सुट्या भागांच्या शेवटच्या मागणीपर्यंत वस्तूची एकच खरी नोंद ठेवणे, हेच पीएलएमचे काम.

एकदा वीस वर्षांची ड्रॉइंगे त्यात गेली की ग्राहक सहसा सॉफ्टवेअर बदलत नाही, आणि गुंतवणूकदाराला भुरळ पडते ती याचीच. सीमेन्सने २००७ मध्ये यूजीएस ही पीएलएम सॉफ्टवेअरची कंपनी ३५० कोटी डॉलरना घेतली, ती उगाच नव्हे. मात्र असे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर परदेशी बाजारांत आहेत: कॅटियावाली दासो सिस्टिम्स पॅरिसच्या बाजारात आणि पीटीसी अमेरिकेच्या नॅसडॅकवर आहे. टाटा टेक्नॉलॉजीजचा शेअर नोव्हेंबर २०२३ मध्ये ५०० रुपयांना देऊन १२०० वर उघडला, याचे तुला अप्रूप आहे; पण ती कंपनी मुख्यत्वे अभियांत्रिकी सेवा देते आणि पीएलएम सॉफ्टवेअर इतरांचे विकते. वाहन कंपन्यांनी नव्या गाड्यांवरचा खर्च आखडला की तिच्या कामालाही कात्री लागते. ग्राहकाला बांधून ठेवण्याची ती ताकद सॉफ्टवेअरच्या मालकाची, विकणाऱ्याची नव्हे.

आणखी एक. परवाना एकरकमी विकणारी कंपनी वर्गणीकडे वळली की दोनएक वर्षे तिचे उत्पन्न घटलेले दिसते, कारण पैसा हप्त्याहप्त्याने येतो. तो आकडा पाहून घाबरू नकोस, आणि वर्गणी हा शब्द वाचून हुरळूनही जाऊ नकोस.

टाटा टेक्नॉलॉजीजचा वार्षिक अहवाल मी छापून ठेवला आहे. रविवारी ये, सेवांचे उत्पन्न किती आणि सॉफ्टवेअर विक्रीचे किती, ते पान दोघे मिळून वाचू. तोवर खरेदी करू नकोस.

तुझा,
जुना बाकसोबती