टिमो ग्लॉकबद्दल, तुझ्या मुलासाठी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप परवा रात्री वाचला. तुझ्या मुलाने 2008 च्या ब्राझील ग्रांप्रीची, म्हणजे फॉर्म्युला वन मोटार शर्यतीची, शेवटची फेरी पाहिली आणि तुला विचारलं, "बाबा, त्या टोयोटावाल्याने मुद्दाम वाट दिली का?" टोयोटावाला म्हणजे टोयोटा संघाचा टिमो ग्लॉक, आणि वाट दिली ती हॅमिल्टनला, असा त्याचा संशय. तू लिहिलंस, "याचं उत्तर तूच दे." दोन ओळींत देता येईना, म्हणून पत्र लिहायला बसलो.

ती रात्र तुला आठवते ना? 2 नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज होऊन तीन दिवस झाले होते, तुमच्या डब्यात चकल्या अजून शिल्लक होत्या. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. आतल्या खोलीत काका झोपलेले, म्हणून टीव्हीचा आवाज अगदी बारीक. तू मॅक्लारेनच्या लुइस हॅमिल्टनचा, मी फेरारीच्या फेलिपे मासाचा; वर्षाचा किताब त्या दोघांपैकीच एकाला मिळणार होता. शर्यत होती त्या साओ पाउलोत ऐन सुरुवातीला सर आली आणि शर्यत दहा मिनिटं लांबली, तेव्हा मी म्हणालो होतो की हा पाऊस मासासाठीच आलाय.

मुलाला आधी गणित समजावून सांग. ही वर्षातली शेवटची शर्यत, आणि तिच्याआधी हॅमिल्टनचे 94 गुण, मासाचे 87. पहिल्याला 10 गुण, पाचव्याला 4. मासा जिंकला तरी हॅमिल्टन पाचवा आला की एका गुणाने तोच विश्वविजेता. सहावा आला तर दोघांचे गुण सारखे, आणि जास्त शर्यती जिंकल्यामुळे किताब मासाचा. म्हणजे सगळं पाचव्या आणि सहाव्या जागेवर येऊन ठेपलं होतं.

मासा जन्मला साओ पाउलोतच. आपल्या गावात, आपल्या लोकांसमोर तो पहिल्या जागेवरून निघाला आणि कुणाला जवळही येऊ दिलं नाही. सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच, 1 मिनिट 13 सेकंदांची. हा आकडा लक्षात ठेव, तो पुढे लागेल. इतक्या दडपणाखाली इतकी स्वच्छ गाडी चालवलेली मी तरी फार कमी वेळा पाहिली आहे.

आणि मग शेवटच्या सात-आठ फेऱ्यांत पुन्हा पाऊस. पुढचे जवळजवळ सगळे टायर बदलायच्या जागी आत येऊन ओल्या रस्त्याचे टायर घालून गेले. टोयोटाच्या दोघांनी, ग्लॉकने आणि त्रुल्लीने, कोरड्या रस्त्याच्या टायरवरच राहायचं ठरवलं. इतर आत गेल्यामुळे ग्लॉक चौथ्या जागेवर आला. मागे एक फेरी पिछाडीवर असलेला कुबित्सा हॅमिल्टनला ओलांडून गेला, त्या गडबडीत हॅमिल्टन जरा बाहेर गेला आणि फेटेलने ती फट साधली. हॅमिल्टन सहावा! मी उशी तोंडावर दाबून ओरडलो होतो, काका उठू नयेत म्हणून.

मासाने 71 वी, म्हणजे शेवटची, फेरी पूर्ण केली. फेरारीच्या गॅरेजमध्ये त्याचे वडील उड्या मारत होते, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते. हॅमिल्टनला तिथवर यायला अजून 38 सेकंद होते. त्या 38 सेकंदांत शेवटच्या खऱ्या वळणाशी, चढ सुरू होण्याआधी, फेटेल आणि त्याच्यामागे हॅमिल्टन ग्लॉकला ओलांडून गेले. हॅमिल्टन पाचवा! गॅरेजमध्ये कुणीतरी कानाशी येऊन सांगितल्यावर त्या वडिलांचा चेहरा कसा उतरत गेला, ते मला आजही बघवत नाही.

त्या रात्री मी ग्लॉकला विकला गेलेला म्हणालो. एकदा नाही, पाच-सहा वेळा. तू तेव्हाही म्हणाला होतास, "अरे, त्याचे टायर बघ." मी ऐकलं नाही.

तुझ्या मुलाला त्याच टायरचं सांग. ग्लॉकच्या गाडीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मिळतं, ते त्याला दाखव. स्टिअरिंग सतत इकडून तिकडे, गाडी सरळ रस्त्यावरही नीट उभी राहत नाही. त्याची शेवटची फेरी 1 मिनिट 44 सेकंदांची झाली, मासाच्या त्या फेरीपेक्षा अर्ध्या मिनिटाने हळू. त्रुल्लीही त्याच टायरवर होता आणि त्याचीही फेरी जवळपास तेवढीच. मग त्यानेही कुणाला वाट दिली का? हॅमिल्टनने ग्लॉकला गाठलं ते शेवटच्या वळणाशी. तिथून अंतिम रेषेपर्यंतच्या तेवढ्याशा अंतरात ग्लॉक पाच सेकंदांहून अधिक मागे पडला. आणि हा निर्णय त्याच्या संघाला फायद्याचाच ठरला: पाऊस येण्यापूर्वी तो सातवा होता, शर्यत सहाव्या क्रमांकावर संपवली.

तो एक गुण शोधायचाच असेल तर इतरत्र शोधावा लागेल. ऑगस्टमध्ये हंगेरीत मासा सर्वांच्या पुढे होता, तीन फेऱ्या उरल्या असताना इंजिन गेलं. सप्टेंबरच्या शेवटी सिंगापूरला तो आघाडीवर असताना रेनो संघाच्या पिके ज्युनियरने भिंतीला धडक दिली. ती मुद्दाम होती हे वर्षभराने उघडकीला आलं. त्या धडकेनंतरच्या घाईत मासा पेट्रोलचा पाइप गाडीला लागलेला असतानाच निघाला, तेराव्या क्रमांकावर आला, गुण शून्य. सिंगापूरचं ते प्रकरण मासा 2024 मध्ये लंडनच्या न्यायालयात घेऊन गेला, आणि मला त्यात काहीच गैर वाटत नाही.

पण ब्राझीलच्या त्या संध्याकाळी त्याने कुणालाच दोष दिला नाही. पावसात मंचावर उभा राहिला, डोळे भरलेले, हाताने छातीवर थाप मारली आणि आपल्या लोकांकडे पाहिलं. जिंकता येतं तसं हरताही येतं, असं काहीसं म्हणाला. पुढच्या वर्षी हंगेरीतच दुसऱ्याच्या गाडीतून निखळलेली स्प्रिंग त्याच्या हेल्मेटवर आदळली. त्यातून तो वाचला, परत आला, 2017 पर्यंत गाडी चालवली. ब्राझीलचा तो विजय त्याचा अकरावा, आणि शेवटचा. ही गोष्ट मला किताब गेल्यापेक्षाही जास्त लागते.

हॅमिल्टनचं कौतुकही मुलाला सांग, माझ्याकडून सांग. वय 23, आदल्या वर्षी एका गुणानेच किताब गेलेला, आणि तरी शेवटच्या वळणापर्यंत पाठलाग सोडला नाही.

तर उत्तर असं: नाही, बाळा, त्याने वाट दिली नाही. त्याच्याकडे द्यायला वाटच नव्हती, तो फक्त गाडी रस्त्यावर ठेवत होता.

दिवाळीला याल तेव्हा ती पूर्ण शर्यत तिघं मिळून बघू. या वेळी आवाज मोठा ठेवू. काकूंना नमस्कार सांग, आणि चकल्यांची आठवण काढली म्हणून सांग.

तुझा,
मासावाला