भंगारात काढण्याआधी एसएसडी लावून बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मार्चअखेर जवळ आला की आमच्या तालुक्यातल्या शाळा-कार्यालयांतून संगणकांच्या निर्लेखनाच्या, म्हणजे भंगारात काढण्याच्या, याद्या निघू लागतात. अमळनेरला मी संगणक दुरुस्ती करतो, त्यामुळे यादीत चढलेले कितीतरी डेस्कटॉप माझ्या टेबलावर येतात. शेरा ठरलेला: ‘अत्यंत संथ, वापरण्यास अयोग्य’. सोबत आलेले शिपाईभाऊ काळजीनं विचारतात, “भाऊ, नवाच लेना पडी का?”

झाकण उघडावं तर पंख्यात कापसाच्या तंतूंची गादी बसलेली. जिनिंगच्या पट्ट्यात दुसरं काय निघणार? ती काढली की मदरबोर्ड, प्रोसेसर ठणठणीत. चालू करून टास्क मॅनेजर (कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) पाहिला की खरं दुखणं दिसतं. प्रोसेसर निवांत आणि डिस्क 100 टक्क्यांवर अडकलेली.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये बहुधा मिनिटाला 7,200 फेरे घेणारी तबकडी असते. फाइल शोधायला तबकडी वाचणारं हेड सरकवावं लागतं, त्यात दर खेपेला 10 मिलिसेकंदांच्या आसपास जातात. विंडोज सुरू होताना अशी हजारो छोटी वाचनं होतात. एसएसडी म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नाही; तेच वाचन साधारण मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात उरकतं. म्हणून 240 किंवा 256 जीबीची साधी साटा (हार्ड डिस्कसारखीच जोडली जाणारी) एसएसडी घ्यावी, विंडोज तिच्यावर टाकावी आणि जुनी डिस्क चांगली असेल तर फाइलींसाठी तिथेच राहू द्यावी. जुन्या बोर्डावर साटा-2, म्हणजे या जोडणीचा जुना, कमी वेगाचा पोर्ट असला तर एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही, तरी फरक पहिल्यांदा संगणक चालू करतानाच कळतो. तासिकेतला निम्मा वेळ संगणक चालू होण्यात घालवणाऱ्या पोरांसाठी हा फरक फार मोठा आहे.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. एसएसडीवरून पुसलेली फाइल परत मिळणं हार्ड डिस्कपेक्षा अवघड असतं, तेव्हा दाखले, हजेरीपट यांची प्रत दुसरीकडे हवीच. आणि आपल्याकडे वीज केव्हाही जाते, म्हणून यूपीएसची बॅटरी मेलेली ठेवू नये.

विंडोज 10 चा नियमित आधार (कंपनीकडून मिळणारी सुरक्षा अपडेट) 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि बऱ्याच जुन्या प्रोसेसरना विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही, हे खरं. अशा संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली टाकावी. टंकलेखन, इंटरनेट, मुलांचा सराव यांना ती पुरते, परवान्याचा खर्चही नाही.

माझी शिक्षण विभागाला व ग्रामपंचायतींना कळकळीची विनंती आहे. निर्लेखनाच्या प्रस्तावात ‘एसएसडी बसवून तपासले काय?’ असा एक रकाना घालावा. मे महिन्यात संगणक कक्ष बंदच असतात. तेव्हा हे काम करून घेतलं तर जूनमध्ये पोरांना चालू संगणक मिळतील.

आपला,
एक संगणक दुरुस्तीकार, अमळनेर (जि. जळगाव)