सूचना : इंग्लंडमधील केअर वर्कर सभासदांनी फ्लूची लस वेळेत घ्यावी

सभासदहो,

केअर होममध्ये, घरोघरी जाऊन किंवा डायरेक्ट पेमेंटवर (म्हणजे स्वतःचा मदतनीस नेमण्यासाठी कौन्सिलकडून मिळणाऱ्या पैशांवर) एखाद्या व्यक्तीकडे, कुठेही थेट सेवेचे काम करत असाल तर फ्लूची लस तुम्हाला मोफत आहे. १ ऑक्टोबरपासून ती मिळू लागते. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, तेव्हा नाताळपर्यंत थांबू नका.

• आधी मॅनेजरला विचारा. कंपनीतर्फे सोय नसेल तर फार्मसीत किंवा जीपीकडे (नोंदणी असलेल्या फॅमिली डॉक्टरकडे) जा. ओळखपत्र किंवा पगाराची स्लिप जवळ ठेवा.
• गेल्या वर्षीची लस यंदा पुरत नाही. विषाणू बदलतो, संरक्षणही ओसरते.
• इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. दंड एक-दोन दिवस दुखेल. पूर्वी लशीची तीव्र अ‍ॅलर्जी आली असेल तर आधी सांगा.

कोविड लशीची केअर होममधील सक्ती ११ नोव्हेंबर २०२१ ला आली आणि १५ मार्च २०२२ ला रद्द झाली. लस न घेतल्याने कामावरून काढतील, ही जुनी भीती आता सोडा.

ताप असेल किंवा बरे वाटत नसेल तर शिफ्टवर जाऊ नका, लगेच कळवा. आपल्याला साधा वाटणारा फ्लू नव्वदीच्या आजींच्या जिवावर बेततो.

संरक्षक साहित्य काढताना चुका जास्त होतात. क्रम असा: हातमोजे, एप्रन, हात स्वच्छ, चष्मा, खोलीबाहेर आल्यावर मास्क, पुन्हा हात. मास्क आधी काढला तर हातमोज्यांवरची घाण थेट चेहऱ्याला लागते.