सव्वा मूठ गहू

अमळनेर,
कानबाईच्या विसर्जनाचा दुसरा दिवस

चिरंजीव बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू फोनवर जो प्रश्न विचारलास, त्याला मी "बघू, आधी कानबाई होऊन जाऊ दे" एवढेच म्हणाले आणि विषय बदलला, हे तुझ्या लक्षात आले असणार. फोनवर मला धड बोलता येत नाही. मी वाक्याच्या मध्यावर असते तेव्हा तू "हॅलो, आवाज येतोय का?" म्हणतोस, आणि उरलेले वाक्य तिथेच विरते. चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवण्यात गेल्यामुळे असेल, पण मनातले सगळे मला कागदावरच नीट मांडता येते. म्हणून हे पत्र. ताई याचे फोटो काढून तुला आजच पाठवील, आणि मूळ कागद बिबड्यांच्या डब्यात घालून पुढच्या महिन्यात जाणाऱ्यांबरोबर देईन.

तुझा प्रश्न असा होता की तू जर्मन पासपोर्ट घ्यावास की नाही. खरे म्हणजे तू विचारलेस ते "आई, तुला चालेल का?" असे. या दोन प्रश्नांत फरक आहे आणि तो मी पुढे सांगते, पण आधी कानबाईचे ऐक, कारण तुझा विषय तिथे माझ्याआधीच निघाला.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, म्हणून शनिवारी सकाळीच सगळी भाऊबंदकी आपल्या अंगणात जमली होती. चक्कीवाल्याला दोन दिवस आधी सांगून ठेवले होते. त्याने चक्की धुऊन-पुसून कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाच्या दळणासाठी राखून ठेवली होती. तुझी मोठी काकू नेहमीप्रमाणे पाटावर बसली, समोर गव्हाचे पोते आणि मांडीवर सूप. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. ती नाव घेते, गच्च भरून एक मूठ सुपात टाकते, आणि मग पावभर मुठीसाठी चार बोटांच्या चिमटीत थोडे दाणे धरून त्यावर सोडते. तू लहान असताना पोत्याला टेकून बसायचास आणि तुझे नाव आले की "माझी छोटी झाली" म्हणून रडायचास. या वेळी तिन्ही चुलतभावांची नावे झाली, तुझे नाव तोंडात आले आणि तिचा हात पोत्यातच थांबला. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तो ते आते तठलाच व्हई जाई, मंग त्यानी मूठ धरानी का?"

तू आता तिथलाच होणार, मग तुझी मूठ धरायची का, हे तिने वाईट मनाने विचारले नाही. ताईकडून तिच्या कानावर पासपोर्टाची गोष्ट गेली होती आणि देवीच्या कामात चूक नको, एवढाच तिचा हेतू होता. तरीही मला ते लागले, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. उत्तर दिले ते सुरतेच्या तात्यांनी. ते म्हणाले की पन्नास वर्षांपूर्वी आम्ही लूम चालवायला उधन्याला गेलो, रेशनकार्ड तिकडचे केले, मतदान तिकडचे केले, पोरे गुजराती शाळेत शिकली, आणि आता कानबाईसुद्धा तिथल्या गल्लीत बसवतो; म्हणून कोणी आमची मूठ सोडली का? काकूने मूठ भरली.

तात्यांच्या बोलण्यावर मी रात्रभर विचार करत होते. आपल्या खान्देशाला परदेश नवीन नाही, फक्त त्याचे नाव पूर्वी सुरत होते. पाऊस फसला, कापसाला भाव मिळाला नाही, की ताप्ती लाईनच्या गाडीत बसून माणसे निघून जात, आणि घरातल्या बायका आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, वाट बघत. फरक एवढाच की सुरतेला गेलेला माणूस "परत येतो" असे फारसे म्हणत नसे. तो सणाला येत असे. यायचा तेव्हा यायचा, जायचा तेव्हा जायचा, आणि मधल्या काळात त्याच्यासाठी कोणी खोली रिकामी ठेवत नसे. अमळनेरचेच बघ. २९ डिसेंबर १९४५ रोजी इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिची पुढे विप्रो झाली आणि ती बंगळुरूला जाऊन बसली. तिला कोणी "परत कधी येणार" असे विचारत नाही, उलट ज्यांच्या आजोबांनी शेअर जपून ठेवले ते तिचे नाव आनंदाने घेतात. आणि साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे, १९२४ ते १९३० इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवून गेले, तरी गाव आजही त्यांना आपलेच म्हणते. (हे सगळे मी स्वतःची समजूत घालण्यासाठी गोळा करते आहे, असे तुला वाटेल. थोडे तसेही आहे.)

आता व्यवहाराचे. तुझ्या मनात जमिनीची भीती होती, म्हणून मी वकिलांकडे जाऊन आले. त्यांनी सांगितले ते असे की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे नागरिकत्व संपते. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दोन्ही ठेवायची मुभा दिली असली आणि तिथे आठ वर्षे राहण्याची अट पाचावर आणली असली, तरी आपल्याकडे तशी सोय नाही. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचे ओसीआय कार्ड मिळते. त्यावर येता-जाता येते, हवे तितके राहता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली मात्र राहते. तेव्हा नानांच्या मागे सातबारावर जी तीन नावे चढली, माझे, ताईचे आणि तुझे, ती तशीच राहतील. पुढे तुम्हाला विकायची झालीच तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येईल, आणि तशीही ती काळी जमीन जर्मन माणूस घ्यायला येणार आहे थोडाच!

स्टुटगार्टला मी मागच्या वर्षी नव्वद दिवसांच्या व्हिसावर येऊन शहाऐंशीव्या दिवशी परत फिरले, तेव्हा तुम्ही दोघांनी विचारले होते की आई तुला आवडले का, आणि मी "छान आहे, स्वच्छ आहे" असे पाहुणीसारखे उत्तर दिले होते. जे खरोखर पाहिले ते तेव्हा सांगता आले नाही. दुसऱ्याच आठवड्यात तुमच्या दाराच्या मुठीला कोणीतरी एक पाटी अडकवून गेले. सूनबाई म्हणाली, "आपली केरवोखे आली." त्यात आपला केर ऐकू आल्यामुळे मला तो शब्द लगेच पाठ झाला. जिना झाडायची आणि पुसायची त्या आठवड्याची पाळी तुमची. शनिवारी तू कामावर आठ-आठ तास बसणारा माझा मुलगा गुडघ्यावर बसून दोन मजल्यांच्या पायऱ्यांचे कोपरे पुसत होतास, खालच्या आजी दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि एका कोपऱ्याकडे त्यांनी नुसते बोट केले तर तू तो पुन्हा पुसलास. इथे तुला अंगणात झाडू मारायला सांगितला की तू अभ्यासाचे कारण काढायचास. मला हसू आले, आणि थोड्या वेळाने कळले की या जिन्याला तू आता पाहुणा नाहीस. पाळी लागली म्हणजे घर झाले. रविवारी संध्याकाळी तू ती पाटी शेजारच्या दाराला नेऊन अडकवलीस, तेव्हा मला नाना पाण्याची पाळी संपल्यावर पाट फोडून बांधाकडे निघायचे ते आठवले.

तिथे माझी एकच अडचण झाली, ती दिव्याची. इथे सात वाजले की मी देवापाशी दिवा लावते. तुमच्याकडे जूनमध्ये साडेनऊपर्यंत सूर्य मावळत नव्हता, आणि माझी नात तर आठ वाजता, लख्ख उन्हात, पडदे ओढून झोपत होती. दिवेलागणीची वाट बघावी तर पोर झोपून जाते, आणि उन्हात दिवा लावावा तर मन मानत नाही. शेवटी मी घड्याळाप्रमाणे सातलाच लावू लागले. ती शेजारी बसून "शुभं करोति" म्हणायची आणि खिडकीतून तिच्या तोंडावर ऊन यायचे. भरिताचे म्हणशील तर तुमच्या ओव्हनमध्ये वांगे उकडते, भाजत नाही. त्याला काड्यांचा धूर लागत नाही तोवर मी त्याला भरीत म्हणणार नाही, पासपोर्ट कुठलाही असो.

आता मुद्द्याचे. तुला चालेल का, असे तू मला विचारलेस. पासपोर्ट मला चालेल. तुझ्या नोकरीला, नातीच्या शाळेला, दर काही वर्षांनी कागद घेऊन कचेरीत रांगेत उभे राहण्याच्या तुझ्या वैतागाला तो उपयोगी असेल तर जरूर घे. मला जे चालत नाही ते दुसरेच आहे, आणि ते मी तुला कधी सांगितले नाही. २०१६ साली जाताना तू नानांना म्हणाला होतास, "दोन वर्षांत येतो." पुढे लग्नात म्हणालास, मग नातीच्या बारशाला म्हणालास, आणि परवाच्या फोनमध्येही पासपोर्टाचे बोलून झाल्यावर शेवटी म्हणालास, "तरी आई, दोन-तीन वर्षांत येतोच आहोत." तू खोटे बोलत नाहीस, हे मला माहीत आहे. तुला त्या क्षणी तसे वाटते आणि मला बरे वाटावे असेही वाटते. पण नानांनी ते वाक्य शब्दशः घेतले. वरची खोली भाड्याने द्यायची नाही, बाळ येतोय. शेत बटाईने लांब मुदतीसाठी लावायचे नाही, बाळ येऊन ठरवेल. बँकेत, बाजारात, केस कापायला गेले तिथेही सांगत, दोन वर्षांत येतोय. गच्चीवर खांबांच्या सळया त्यांनी तुझ्या मजल्यासाठी वर सोडल्या होत्या, त्यांना गंज लागू नये म्हणून दर दिवाळीला स्वतः वर चढून सिमेंटचे पाणी लावत. शेवटच्या दिवाळीला धाप लागत होती तरी चढले. ते गेले तेव्हा तू दुसऱ्या दिवशी पोहोचलास. त्याचा दोष मी तुला कधी दिला नाही आणि आजही देत नाही, विमानाला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो. मात्र त्या वाक्याच्या भरवशावर त्यांनी पाच वर्षे काहीच ठरवले नाही, याचे मला वाईट वाटते. वाट बघणाऱ्याला तारीख द्यावी, नाहीतर वाट बघू नका असे सांगावे.

म्हणून आता मी काय केले ते सांगते, रागावू नकोस. गेल्या पावसाळ्यात सळयांवरून गंजाचे पाणी खांबात उतरले आणि देवघराच्या वरचा कोपरा गळू लागला. इंजिनिअर म्हणाले, मजला चढवायचा असेल तर चढवा, नाहीतर सळया कापून खांब बंद करा. आषाढ लागायच्या आधी मी सळया कापून घेतल्या. बारा खांबांच्या अठ्ठेचाळीस सळया, प्रत्येकी तीन फुटांची. ग्राइंडरच्या ठिणग्या उडत होत्या म्हणून मी जिन्यातच उभी राहिले. भंगारवाल्याने ३८ किलो भरली. नंतर गच्ची धुऊन घेतली तर केवढी मोठी दिसली! यंदाचे बिबडे तिथेच वाळवायला हवे होते, असे ताई म्हणाली. वरची खोली दोन नर्सिंगच्या मुलींना दिली आहे. पोरी चांगल्या आहेत, रात्री पायऱ्यांवर आवाज असतो तो मला बरा वाटतो. तू येशील तेव्हा खाली माझ्या खोलीत झोपाल, कूलर तिथेच आहे.

तू फोन मात्र सोडू नकोस. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळे मागे जातात तेव्हापासून मार्चपर्यंत तुझा फोन इथे तासभर उशिरा येतो आणि माझे जेवणही तेवढेच मागे सरकते. काकू हसते, म्हणते तुझे पोट जर्मनीच्या वेळेवर चालते.

कानबाईचे एक राहिले. काकूची नावे घेऊन संपली, ती सूप उचलणार इतक्यात मी पोत्यात हात घातला आणि माझ्या नातीचे नाव घेऊन सव्वा मूठ त्यात टाकली. आपल्यात मुलींची मूठ धरत नाहीत, हे मला माहीत आहे. ताईची कधी धरली नाही आणि तेव्हा मीही काही बोलले नव्हते. काकूने माझ्याकडे पाहिले, सुपाकडे पाहिले, आणि हाताने गहू एकत्र कालवून टाकले. त्यानंतर दोघींपैकी कोणीच त्यावर बोललो नाही. तूही तिच्याशी बोलू नकोस. रोट खाताना ताई गप्प होती.

तुझ्या अर्जासाठी जन्मदाखला लागेल असे तू म्हणाला होतास, म्हणून पेटी काढली. दाखल्यावर आपल्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगात एक अक्षर जास्त आहे, शाळेच्या दाखल्यावर आणि तुझ्या आत्ताच्या पासपोर्टावर ते नाही. जन्माचा अर्ज नानांनीच भरला होता. त्यांच्या हाताचा मूळ अर्ज जपून ठेवलेला सापडला, त्यातही ते जास्तीचे अक्षर ठळक लिहिलेले आहे. तिकडे कोणते धरणार आहेत ते विचारून कळव, म्हणजे सोमवारी नगरपालिकेत दुरुस्तीचा अर्ज देते, किंवा देत नाही.

सूनबाईस आशीर्वाद, नातीस गोड पापा.

तुझी,
आई