विडी सोडणाऱ्याला गावाने सांभाळावं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

३१ मे, म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिन आला की तंबाखूचे दुष्परिणाम सगळेच सांगतात, ते तर आता आमच्या गावच्या लेकरांनाही पाठ आहेत. पण ज्याला खरंच विडी सोडायची आहे त्याने पहिले पंधरा-वीस दिवस याच गावात, याच लोकांत राहून ते कसं निभवायचं, यावर कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातला धानवाला शेतकरी. ऐन जवानीपासून विडी ओढत होतो, आता सुटली आहे, आणि ती माझ्या एकट्याच्या जिद्दीने सुटलेली नाही. आमच्याकडे विडी म्हणजे मानपान झालं आहे. रोवणीच्या दिवसात जरा धुऱ्यावर बसलं की विड्यांचा कट्टा निघतो आणि एका काडीवर चार विड्या पेटतात, मयतीच्या घरी बसायला गेलं तर ताटात पान-सुपारीसोबत विडी-काडीपेटी, सोयरीक जमवायला पाहुणे आले तरी तेच, आणि झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर मंडपात बसलं तर न ओढणाऱ्याच्याही छातीत धूर जातो. नाही म्हटलं तर समोरच्याला वाटते आपला मान ठेवला नाही. "घे ना बे, एकानं काय होते?" हे लोक प्रेमानेच म्हणतात, पण सोडणाऱ्याचा घात तिथेच होतो. तलफ साधारण पाच-दहा मिनिटं जोरात असते, तेवढा वेळ निघाला की ओसरते, आणि नेमकी त्याच वेळी कोणी विडी पुढे केली की सगळं पाण्यात.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात, मग दोन-चार आठवड्यात त्रास कमी होत जातो. चिडचिड होते, झोप लागत नाही, हे लोकांना माहीत आहे. पण स्टेजवरून कोणी बोलत नाही अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे सकाळी विडीशिवाय पोट साफ होत नाही! हसू नका, कितीतरी जण याच कारणाने पुन्हा सुरू करतात. हा नुसता मनाचा खेळ नाही, निकोटिन बंद झालं की काही दिवस पोट खरंच बांधल्यासारखं राहते आणि मग आपोआप सुरळीत होते. आमच्या आशाताईने हे घरी येऊन बायकोसमोर सांगितलं, तेव्हापासून बायको पहाटेच चुलीवर पाणी कोमट करून ठेवायची, दोन गिलास प्यायचे आणि नहराच्या पाळीने चालत जायचं. एवढ्याने काम झालं.

दुसरा आधार सोबतीचा. सोडायचं म्हणणारे आम्ही काही जण सांजेला गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर तिथेच बसत होतो. तुकडोजी महाराजांनी गावाला एकत्र बसायची सवय लावून दिली आहे, तिचा यापेक्षा चांगला उपयोग मला तरी दिसत नाही. कोणाला तलफ आली तर तो सांगे, बाकीचे त्याला बोलण्यात गुंतवत, खिशात कट्ट्याच्या जागी फुटाणे. एक जण लग्नात घसरला, चार विड्या ओढून आला, तर कोणी टोमणा मारला नाही, "उद्यापासून परत" एवढंच म्हटलं, आणि आज तोच नवीन माणसाला धीर देतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो, विडी सोडून खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा घोटलेला मसाला, धरणं म्हणजे सोडणं नाही. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के होते आणि बिनधुराचा तंबाखू खाणारे २४.४ टक्के, म्हणजे आपलं मोठं दुखणं तोंडातच आहे. पन्नीवर घोटलेला तो खर्रा, त्यातल्या सुपारीनेच तोंड आवळत जाते, मग तिखट लागत नाही, घास जात नाही, आणि सुपारी स्वतःच कॅन्सर करणारी आहे, तंबाखू तर वेगळाच. तसंच विडी म्हणजे झाडाचं पान, सिगारेटपेक्षा बरी, असं म्हणतात तेही चूक, ती विझू नये म्हणून जास्त जोराने ओढावी लागते आणि डांबर-धूर जास्तच आत जातो. तेंदूपत्ता तोडणाऱ्यांशी माझं भांडण नाही, उन्हाळ्यात तोच पैसा घरात येतो, पण पत्ता विकणाऱ्या गावाने स्वतः विडी ओढलीच पाहिजे असं थोडंच आहे.

नुसत्या बंदीवर माझा भरवसा नाही. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. गुटखाबंदी २०१२ पासून आहे आणि पुड्या आजही मिळतात. शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून दारू-तंबाखू सोडवणाऱ्या मुक्तिपथचं काम सुरू आहे, तिथे गावोगावी लोकांच्या संघटना उभ्या केल्या, म्हणून ते जास्त पटते.

तेव्हा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने ठराव घ्यावा, की मयतीत, लग्नात, बैठकीत विडीचं ताट ठेवायचं नाही आणि सोडलेल्या माणसाला आग्रह करायचा नाही. शाळेपासून १०० यार्डात तंबाखू विकायचा नाही आणि १८ वर्षांखालच्याला द्यायचा नाही हा २००३ चाच कायदा आहे, त्याला नवीन ठराव नको, सरपंच आणि शाळा समितीने एकदा टेप घेऊन मोजावं आणि टपरी हलवावी. तंबाखू सोडायला मदत करणारा, पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा फुकटचा फोन नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवावा, कारण पाकिटावरचं आमच्या म्हाताऱ्यांना दिसत नाही. आणि साहेब, तुम्हीही तो नंबर आठवड्यातून एकदा आमच्या तालुक्याच्या पानावर छापत जा, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर