बाळाचं नाव: टिकणारं की लाटेतलं

ठाणे (पश्चिम)

प्रिय अमोल,

लेकीबद्दल मनापासून अभिनंदन. स्नेहल आणि बाळ दोघी सुखरूप आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला.

तुझ्या यादीत चार नावं आहेत: प्रिशा, ओवी, पूर्वा, इरावती. यांतलं कुठलं टिकेल आणि कुठलं वीस-पंचवीस वर्षांत जुनं वाटायला लागेल, असं तू विचारलंस. निकाल आधीच सांगतो. पूर्वा किंवा इरावती ठेवा. ओवी गोड आहे, पण तिच्यावर काळाचा शिक्का बसणार. प्रिशा नको.

ओवीबद्दल तू लिहिलंस की शब्द इतका जुना आहे, तो शिळा कसा होईल? शब्दाचं वय आणि नावाचं वय या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्ञानेश्वरी 1290 सालची, म्हणजे ओवी हा शब्द सातशे वर्षांहून जुना. पण मुलीचं नाव म्हणून तो घरोघरी पोचला तो अगदी अलीकडे, आणि तोही स्वरा, ईरा, रीवा, अन्वी अशा दोन अक्षरी नावांच्या घोळक्यातून. तुमच्याच घरात बघ ना. अमोल आणि स्नेहल ही जोडी कानावर पडली की ऐकणारा दोघांचं वय न विचारता सांगेल. दोन्ही शब्दांचे अर्थ आजही ताजे आहेत, त्यांचं काहीही बिघडलेलं नाही.

नाव जुनं होतं ते बहुतेक वेळा त्याच्या शेवटामुळे. स्वातंत्र्याच्या आसपास जन्मलेल्या बायका आठव: शालिनी, नलिनी, मालिनी, कुमुदिनी. मग सुनीता, अनिता, संगीता, कविता आल्या. त्यानंतर वैशाली, रूपाली, सोनाली, दीपाली. मग शीतल, कोमल, सोनल आणि तुझी स्नेहल. आता अनाया, शनाया, मायरा, कियारा. होतं असं की आईबापांना नाव वेगळं हवं असतं, पण कानाला परकं वाटणारं नको असतं. म्हणून ते सुरुवात बदलतात आणि शेवट तोच ठेवतात. सगळे एकाच वेळी तेच करतात, म्हणून अख्खी पंगत एकदम उठते. मिताली हे नाव रूपालीएवढं कधीच पसरलं नव्हतं, तरी त्याच पंगतीत बसल्यामुळे ते तिच्याबरोबरच मागे पडलं. प्रिशाची अडचण हीच आहे. आज एकटं वाटतं, पण त्रिशा, अनिशा शेजारी ठेवून मोठ्याने म्हणून बघ. शिवाय नावांच्या याद्यांमध्ये अशा नवीन नावांपुढे ‘देवाची देणगी’ वगैरे अर्थ बिनदिक्कत छापलेले असतात. संस्कृत अर्थ सांगितला असेल तर आपट्यांच्या संस्कृत-इंग्रजी शब्दकोशात तो शब्द सापडतो का ते बघावं आणि मगच विश्वास ठेवावा.

दुसरी गोष्ट वेगाची. अमेरिकेत 1880 पासूनच्या जन्मांची वर्षवार नावं उपलब्ध आहेत. तिथे ‘मेरी’ अनेक दशकं पहिल्या क्रमांकावर होतं. ‘लिंडा’ झपाट्याने वर आलं, 1947 ते 1952 पहिलं राहिलं आणि पुढे उतरत गेलं. आज तिथे लिंडा म्हटलं की आजीच डोळ्यांपुढे येते. जोना बर्जर आणि गाएल ल मेन्स या संशोधकांनी 2009 साली अमेरिका आणि फ्रान्सच्या नावांवरून दाखवलं की जे नाव भरभर चढतं ते भरभर उतरतं, कारण पुढच्या आईबापांना ते ‘सध्याचं फॅड’ वाटायला लागतं. म्हणून नाव किती जणींचं आहे यापेक्षा ते किती पटकन पसरलं, हे बघायचं.

आपल्याकडे हे बघायला मतदार यादी फार उपयोगी पडते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ठाणे जिल्हा, बेलापूर मतदारसंघ निवड, मराठी यादी घे आणि नेरूळचे तीन-चार भाग उतरवून घे. प्रत्येक नोंदीत नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय आणि लिंग असतं. मराठी बायकांची नावं तीन ढिगांत लिही: सत्तरीच्या पुढच्या, पंचेचाळीस ते साठ, आणि अठरा ते तीस. नाव एकाच ढिगात गर्दी करून बसलं असेल तर ते लाटेतलं. तिन्हींत थोडं थोडं सापडलं तर टिकाऊ. कुठेच नाही, पण सोसायटीतल्या बालवाडीच्या वयाच्या पोरींत तीन-चारदा ऐकू येतं, तर लाट आत्ता चढते आहे.

यात एक फसगत होते. पूर्वी लग्नात मुलीचं नाव बदलायचे, त्यामुळे म्हाताऱ्या बायकांची यादीतली नावं बऱ्याचदा सासरची असतात आणि जन्मसालाऐवजी लग्नसालाची चव दाखवतात. कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी 1865 साली जन्मल्या तेव्हा यमुना होत्या, आणि रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. म्हणून वरचा ढीग जरा सैल हाताने वाच.

इरावती स्नेहलच्या आईला जुनाट वाटतं, हे स्वाभाविक आहे. आईच्या पिढीचं नाव शिळं वाटतं, आजीच्या पिढीचं अवघडल्यासारखं आणि पणजीच्या पिढीचं पुन्हा हवंहवंसं. रमा, उमा, मुक्ता, राधा अशाच परतल्या. सुमन, कुसुम, विमल यांना अजून वेळ आहे. लीलावती, कलावतीची पंगत कधीच उठून गेली, त्यामुळे इरावतीला आता आणखी जुनं व्हायला जागाच नाही. इरावती कर्वे 1905 साली ब्रह्मदेशात जन्मल्या आणि तिथल्या नदीवरून त्यांना हे नाव मिळालं. घरी इरा म्हणा. ते आज चलनात आहे, पण उद्या मागे पडलं तरी कागदावरचं पूर्ण नाव उभं राहील. पूर्वाची पंगत लहान आहे: दूर्वा, अपूर्वा, एवढ्याच. म्हणून तेही सुरक्षित.

गुरुजींनी हस्त नक्षत्राचं तिसरं चरण, म्हणजे नावाचं पहिलं अक्षर ‘ण’ सांगितलं म्हणून घरात घोळ चाललाय, ना? हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. ण वरून नाव सुरूच होत नाही. नक्षत्रनाव पत्रिकेपुरतं आणि बारशाला कानात सांगण्यापुरतं ठेवतात, व्यवहाराचं नाव मोकळं. तरी अक्षर पाळायचंच असेल तर कन्या राशीचं ‘प’ चालतं आणि पूर्वा त्यात बसते.

आता कागदपत्रं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नोंदीत बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. म्हणजे दोन बायकांची नावं शेजारी येतात. सोनलच्या आधी काजल आलं असतं तर कानाला टोचलं असतं. ‘पूर्वा स्नेहल अमोल’ आणि ‘इरावती स्नेहल अमोल’ दोन्ही स्वच्छ ऐकू येतात.

बारशाची घाई नोंदणीला लावू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत होते, ती रुग्णालय कळवतं. नाव मात्र 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, आणि पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, मतदार नोंदणी सगळ्यासाठी हाच दाखला लागतो, आणि एकदा घातलेलं नाव बदलणं फार किचकट आहे. म्हणून इंग्रजी स्पेलिंग आधी ठरवा. इरावतीत व्ही की डब्ल्यू, पूर्वाच्या शेवटी एक ए की दोन, हे दोघांनी कागदावर लिहून घ्या आणि आधारपासून शाळेपर्यंत तेच वापरा. महापालिकेत अर्ज देताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही रकाने स्वतः भर. दाखला हातात आला की खिडकीपाशीच एकेक अक्षर वाचून बघ, काना-वेलांटीसकट. पूर्वाचा ‘पू’ दीर्घ आहे, तो हमखास ऱ्हस्व पडतो.

काकूंना नमस्कार सांग. बारशाला मी सकाळीच येतो.

तुझा,
संदीप